बोंगनिमचा थांबलेला हात

बोंगनिमला मी बत्तीस वर्षं ओळखते. पण कपडे घातलेली बोंगनिम मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या दारात उभी असताना, आणि तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. केस नुकतेच कुरळे करून घेतलेले, अंगात जांभळा कोट, हातात पर्स. मी विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

ती म्हणाली, "अहो ताई, मी! दर रविवारी तुमची पाठ घासते ती."

त्या भेटीकडे मी येईनच. पण आधी ती कोण ते सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं मला वाटत नाही.

दक्षिण कोरियातल्या कुन्सान शहरात, जुन्या बंदरामागे आमची गल्ली आहे. गल्लीच्या टोकाला उंच धुराड्याचं न्हाणीघर होतं, तळमजला बायकांचा आणि वरचा पुरुषांचा. आत गरम पाण्याचे दोन हौद आणि कोपऱ्यात निळ्या रेक्झिनचं एक टेबल. त्या टेबलाशी काळ्या आतल्या कपड्यांत, डोक्याला टोपी घालून बोंगनिम उभी असायची. हातात खरखरीत कापडी पिशवी चढवायची आणि बायकांची अंगं घासायची. सगळ्या तिला मावशी म्हणत. मी वयाने मोठी, म्हणून मी बोंगनिम म्हणायची.

मूळची ती बेटावरची. लग्न होऊन इथे आली, प्लायवूडच्या कारखान्यात लागली, कारखाना बंद पडला. नवरा बोटीवर जायचा, मग तोही जायचा बंद झाला आणि घरी बसून प्यायला लागला. तेव्हा ती या टेबलाशी आली आणि तिथेच राहिली. दोन मुलगे याच टेबलावर मोठे झाले, असं ती म्हणायची. एक तर खरंच त्या टेबलाखाली टॉवेलांच्या ढिगावर झोपायचा.

तिची काम करायची एक रीत होती. डोळे अर्धे मिटून घासायची. मी एकदा म्हटलं, "झोप लागते का गं उभ्या उभ्या?"

"वाफेत डोळे फसवतात ताई. हात नाही फसवत."

आणि ते खरं होतं. कुणाला दिवस गेलेत ते तिला त्या बाईच्या आधी कळायचं. आमच्या पलीकडच्या शिंपिणीच्या काखेतली गाठ तिनेच शोधली आणि कानात सांगितली, म्हणून ती शिंपीण आज आहे. कानातच सांगायचं, हा तिच्या धंद्याचा नियम होता. टेबलावर जे दिसतं ते ज्याचं त्याला सांगावं, दाराबाहेर नेऊ नये. गल्लीतल्या एकूण एक बायकांचे टाके, डाग, वळ तिला पाठ होते. नवऱ्याच्या हातचे वळसुद्धा. पण एक शब्द कधी बाहेर आला नाही. म्हणून तर कुठलीही बाई तिच्यापुढे निर्धास्त आडवी व्हायची.

मी मात्र इतकी वर्षं त्या न्हाणीघरात जाऊन काहीच पाहिलं नाही. मी नन्सच्या शाळेत वाढले. सिस्टर बेनेदिक्ताने आम्हाला दोन सवयी लावल्या. एक, रोज संध्याकाळी तीन ओळी लिहायच्या: आज काय पाहिलं, काय केलं, कशाबद्दल देवाचे आभार. ती सवय मी अजून मोडलेली नाही. कपाटात एकसष्ट वह्या आहेत. दुसरी, न्हाताना नजर खाली. स्वतःच्या अंगाकडे पाहायचं नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच. ती सवयही मी मोडली नाही. न्हाणीघरात मी फरशा पाहायची. कुठल्या फरशीला कुठे तडा आहे ते मी अजून सांगू शकेन.

माझी नात सोदाम तीन वर्षांची असल्यापासून रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की माझ्याबरोबर तिथे यायची. तिचं नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. भरलेलं ताट, टपोरं फूल यांना आमच्यात हा शब्द वापरतात. न्हाऊन झालं की बाहेरच्या बाकावर बसून केळ्याच्या दुधाची बाटली प्यायची, पाय हलवत. बोंगनिम तिला चिडवायची, "ए दुधाची बाटली, तुझं पोट बघ, टरबूज गिळलंस काय?" पोर पोट आणखी पुढे काढून दाखवायची.

चौदाव्या वर्षी ती यायची थांबली. कधी परीक्षा, कधी पाळी, कधी शिकवणी. मला वाटलं, वयात आली, लाजते. त्या वर्षीची वही माझ्यासमोर आहे.

"सात एप्रिल. सोदाम रात्रीची जेवत नाही. पोट जड होऊन अभ्यास होत नाही म्हणते. समजूतदार पोर."

"दोन जून. बाजारात सगळ्या जणी सोदामला म्हणाल्या, चेहरा किती निमुळता झाला, मॉडेल दिसतेस. ती लाजली. मलाही बरं वाटलं."

"एकवीस जुलै. एवढ्या उकाड्यात सोदाम स्वेटर घालून बसते. रक्त कमी असेल. आज तिने सगळ्यांसाठी केक केला आणि आम्ही खाताना बघत बसली. मायाळू पोर."

सगळं मी लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात. वाचलं मात्र नव्हतं.

माझा मुलगा आणि सून यॉन्जू सुक्या मासळीचं दुकान चालवतात. पहाटे जातात, अंधार पडल्यावर येतात. पोरीचं ताट मीच वाढायची. ती भात वाटीच्या कडेकडेने पसरवायची, म्हणजे खाल्ल्यासारखा दिसतो, आणि मासा माझ्या ताटात सरकवायची. "आजी, तू खा, तुला आवडतो." मी खायची. देवाशपथ, मी आवडीने खायची.

चुसॉकचा सण आला. पूर्वजांपुढे ताट ठेवायचं तर आधी न्हाऊन स्वच्छ व्हायला हवं. आमच्याकडे त्यात सवलत नाही. मी हट्टच धरला. सोदाम आली, पण दोन टॉवेल एकमेकांना बांधून अंगाभोवती गुंडाळून. सणाआधीची गर्दी, वाफ, लहान मुलांचा आरडाओरडा. ती सरळ सगळ्यात गरम हौदात गळ्यापर्यंत जाऊन बसली आणि बाहेरच येईना. माझ्यासारख्या म्हातारीलाही तिथे मिनिटभराच्या वर बसवत नाही.

आमचा नंबर आला. सोदाम टेबलावर पालथी झाली, टॉवेल सोडायला तयार नव्हती. बोंगनिमने नेहमीसारखे डोळे अर्धे मिटले, टॉवेल सरकवला, पाठीवर पाणी ओतलं आणि हात ठेवला.

हात थांबला.

मी इतक्या वर्षांत तिचा हात कामात थांबलेला पाहिला नव्हता. तिने खरखरीत पिशवी काढून बाजूला ठेवली. नुसत्या तळव्याने पाठीवरून एकदा वरून खाली गेली.

सोदाम म्हणाली, "मावशी, जोरात घासा ना. घासून घासून चरबी कमी होते म्हणतात. इथे पाठीवर खूप आहे. आणि मांड्यांवर."

मला वाटलं, आता बोंगनिम हसेल, टरबूज काढेल. ती हसली नाही. "कुठे गं? मला दाखव."

पोरीने उठून बसत मांडीची कातडी चिमटीत धरली. "ही काय."

बोंगनिमने पोरीच्या अंगावरचा ओला टॉवेल उचलून तिच्या हातात दिला. "मला वाफेत नीट दिसत नाही बाई. तू सांग. तुझी कंबर केवढी? टॉवेलवर धर. इथपासून कुठपर्यंत?"

सोदामने मोजणी जमली पाहिजे अशा गंभीर चेहऱ्याने टॉवेल पसरला आणि एक जागा चिमटीत धरली. बोंगनिमने तिथे गाठ मारली. मग तो टॉवेल तिच्या कमरेभोवती गुंडाळला. एक वेढा झाला, आणि दुसरा होत आला तेव्हा कुठे गाठ आली.

पोर उसळून म्हणाली, "तुम्ही ओढलात! ओला टॉवेल ताणतो!"

"असेल," बोंगनिम म्हणाली. "घरी वाळला की तू स्वतः मोज." आणि मग माझ्याकडे न बघता, "ताई, इकडे या."

मी गेले. नजर अर्थातच खाली.

"फरशी नका बघू. फरशी कुठे जात नाही. पोरीकडे बघा."

मी पाहिलं. पाठीवर लव होती, अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लासारखी. कातडीचा मळ निघत नव्हता, सुक्या मासळीचे खवले निघावे तसा पातळ पापुद्रा सुटत होता. आणि पाठीच्या कण्यावर, एकेका मणक्यावर एकेक, काळेनिळे डाग होते, जपमाळेच्या मण्यांसारखे रांगेत. ते कशाचे ते मला नंतर कळलं. दार लावून घेऊन पोर लादीवर पोटाचे व्यायाम करायची, शेकड्यांनी.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथे काकण माझ्या घरात वर्षभर वाजत होतं आणि मी आरसाही पाहिला नव्हता.

घरी आल्यावर मी यॉन्जूला सांगितलं. ती दमलेली होती. म्हणाली, "आई, हल्ली सगळ्याच मुली डाएट करतात. डिसेंबरात परीक्षा आहे, ती होऊ दे. आणि मनाच्या डॉक्टरकडे नेलं की कागदावर येतं. उद्या पोरीच्या आयुष्याला चिकटेल." मुलगा पेपर वाचत राहिला. मी आणखी बोलू शकले नाही. सुनेच्या लेकराबद्दल सासूने किती बोलायचं, ही एक वेगळीच नजर खाली ठेवण्याची शाळा असते.

मंगळवारी न्हाणीघर बंद असतं. त्या मंगळवारी बोंगनिम जांभळा कोट घालून आमच्या दारात आली. यॉन्जू नेमकी सणाच्या सुट्टीमुळे घरी होती. तिने पेअर कापून पुढे ठेवलं, पण कपाळावर आठी होती.

"मावशी, तुमचं काम तुम्ही चांगलं करता," ती म्हणाली. "पण अंग घासणारीने घरात येऊन लेकीला आजारी ठरवायचं, हे जरा जास्त होतंय."

"होतंय खरं," बोंगनिम म्हणाली. "मला तरी कुठे यायचं होतं? हे बूट बघा, चावतायत." मग तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "तीन वर्षांमागे एक पोर यायची, शाळेच्या संघात पळणारी. हीच लव, हेच मणके. माझ्या हाताला कळलं होतं. पण आई शेजारी उभी, म्हटलं आपण कोण? उलट म्हणाले, 'वा, कंबर बघा काय!' आई हसली, पोर हसली. चार महिन्यांनी पळता पळता पडली ती. हृदय. सोळावं चालू होतं. त्या आईने मला अजून विचारलेलं नाही की तुला कळलं होतं का. विचारलं तर मी काय सांगू, ते मला सुचत नाही. म्हणून आले."

बोंगनिम यॉन्जूकडे वळली.

"माझ्यावर नका विश्वास ठेवू. डोळ्यांवर पण नको. आत जा आणि लेकीच्या पाठीला हात लावा. स्वेटरच्या आतून. वर्षभरात लावला नसेल."

यॉन्जू उठून गेली. आम्ही दोघी पेअरच्या फोडींकडे पाहत बसलो. आतून आधी सोदामचा ओरडा आला, "काय करतेस! सोड!" मग काहीच नाही. यॉन्जू बाहेर आली, खुर्ची शेजारी असून स्वयंपाकघराच्या लादीवर बसली. तिचा उजवा हात ती डाव्या हातात धरून बसली होती, भाजल्यासारखा. मग म्हणाली, "उद्या इस्पितळ किती वाजता उघडतं?"

सोदाम तिच्या मागोमाग आली होती. ती आईकडे नाही, बोंगनिमकडे बघत होती. "मावशी, तुम्ही सांगितलंत! टेबलावरचं बाहेर जात नाही म्हणता ना?"

"नाही जात," बोंगनिम म्हणाली. "आज गेलं. माझ्यावर राग धर. जिवंत राहा आणि धर राग, हवी तेवढी वर्षं."

त्या दिवसाच्या तीन ओळींत आभाराची ओळ मी कोरी सोडली होती. आज ती भरावीशी वाटते.

इस्पितळात सोदामला नऊ आठवडे ठेवलं. तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाडी इतकी मंद आहे की डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत वाट पाहिली असती तर परीक्षेची गरज उरली नसती. आम्हाला बाजूला बसवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "ती खोटं बोलत नाही आणि नखरेही करत नाही. आरशात तिला खरंच जाड मुलगी दिसते. तुम्ही शंभरदा 'अगं बारीक आहेस' म्हणालात तर ती तुम्हालाच खोटं समजेल. आणि 'आता बरी दिसतेस' असं तर मुळीच म्हणू नका. त्याचा अर्थ ती जाड झाले असा घेते."

मला आठवलं, त्या दिवशी टेबलाशी बोंगनिम एकदाही 'बारीक आहेस' म्हणाली नव्हती. ती इस्पितळात शिकली नव्हती, शाळेतही फार नाही.

इकडे गल्लीत बोलणं झालंच. मावशी आता घरोघर जाऊन अंगाच्या गोष्टी सांगते म्हणे. थंडीचे दिवस, ऐन कामाचे. तिचं टेबल रिकामं राहू लागलं. ती टेबलावर बसून फाटके मोजे शिवायची. मी मुद्दाम आठवड्यातून दोनदा जायला लागले. ती म्हणाली, "ताई, इतकं घासलं तर तुमच्याखालून दुसऱ्याच ताई निघतील." शेवटी पलीकडची शिंपीण सगळ्यांच्या देखत टेबलावर जाऊन आडवी झाली आणि वाफेतून मोठ्याने म्हणाली, "माझी गाठ हिने बाहेर सांगितली असती तरी मी चाललं म्हटलं असतं." हळूहळू बायका परतल्या.

वसंतात डॉक्टरीणबाईंनी न्हाणीघराला परवानगी दिली. सोदाम येणार हे कळल्यावर बोंगनिमने काय केलं ते मला नंतर दिसलं. टेबलासमोरच्या आरशावर औषधाच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर लटकत होतं, आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या वजनकाट्यावर जास्वंदीची जाडजूड कुंडी होती.

"अगं मावशी, वजन कसं करायचं आता?" बायका ओरडल्या.

"कुंडीचं करा. ती वाढली की कुणी रडत नाही."

सोदाम तिच्याशी बोलली नाही. तीन महिने नाही. यायची, तिच्याकडे पाठ करून हौदात बसायची, जायची. पण दर रविवारी न्हाणीघरातल्या आमच्या कपाटाच्या दारात केळ्याच्या दुधाची एक बाटली असायची. सोदाम ती उचलायची नाही. मीही काही म्हणायची नाही. पुढच्या रविवारी नवी बाटली.

मग जूनमधल्या एका रविवारी, गर्दी नव्हती, बोंगनिम कंबर धरून टेबलाच्या कडेला बसली होती. आमच्याकडे अनोळखी बायकाही एकमेकींची पाठ घासून देतात. कुणाचाच हात स्वतःच्या पाठीला पुरत नाही. पण बोंगनिमची पाठ कोण घासणार? सगळ्या तिच्याकडे पाठ करूनच यायच्या. सोदाम हौदातून बाहेर आली, तिने खरखरीत पिशवी उचलली आणि म्हणाली, "वळा."

"राग गेला?"

"नाही. वळा."

बोंगनिमची पाठ म्हणजे दरवाजा. सोदामचा हात तिथे छोटा दिसत होता. ती सगळा जोर लावून घासत होती.

"हळू गं बाई, साल काढतेस का? मी बटाटा आहे?"

"मावशी, केवढी मोठी आहे तुमची पाठ."

"मग? हिच्यावर दोन पोरं, एक दारुडा आणि सगळी गल्ली वाहून नेली. लहान असती तर चाललं असतं?"

सोदाम हसली. ते हसणं मी वर्षाहून जास्त काळानं ऐकलं. त्या दिवशी ती बाटलीतलं अर्धं दूध प्यायली आणि अर्धं तिने माझ्यापुढे सरकवलं. मी ते प्यायले नाही. "आता मला आवडत नाही," मी म्हटलं. खोटं बोलले, कन्फेशनमध्ये सांगितलं. फादर म्हणाले, हे चालतं.

सगळं सरळ रेषेत गेलं असं नाही. मध्ये एकदा ती पुन्हा तीन आठवडे इस्पितळात होती. यॉन्जू आता दुकानातून दुपारी घरी येते आणि लेकीबरोबर बसून जेवते. जेवताना वजन, परीक्षा, कुणाचा चेहरा यातलं काही निघत नाही. आमच्या घरात जेवताना एवढ्या मासळीच्या गप्पा पूर्वी कधीच झाल्या नव्हत्या.

गेल्या महिन्यात न्हाणीघर बंद झालं. घरोघरी गरम पाणी आलं, तरुण बायका येईनात. बोंगनिम मुलाकडे सुवॉनला जाणार आहे. शेवटच्या दिवशी आम्ही गेलो. सोदाम आता एकोणीस वर्षांची आहे, शहरात नर्सिंग शिकते, या दिवसासाठी रजा घेऊन आली होती. तिने आपल्या बॅगेतून एक जुना टॉवेल काढला. गाठ अजून त्यावर होती, कडक झालेली. तिने तो इतकी वर्षं जपून ठेवला होता हे मला ठाऊक नव्हतं.

"मी दर वर्षी मोजते," ती बोंगनिमला म्हणाली. "आधी डोळ्यांनी, मग टॉवेलनी. अजूनही डोळ्यांना चार बोटं जास्तच दिसतं."

"मग कुणाचं ऐकतेस?"

"टॉवेलचं. बहुतेक दिवस."

"बहुतेक दिवस पुष्कळ झाले," बोंगनिम म्हणाली. "चल, झोप."

सोदाम टेबलावर पालथी झाली, टॉवेलबिवेल काही न गुंडाळता. बोंगनिमने डोळे अर्धे मिटले, पाणी ओतलं, हातात पिशवी चढवली. मी शेजारी उभी होते आणि मी फरशीकडे पाहत नव्हते. लव नव्हती. मणक्यांवर डाग नव्हते. हात खांद्यापासून निघाला आणि न थांबता कमरेपर्यंत गेला, आणि त्याच्यामागे करड्या मळाच्या वळ्या सुटू लागल्या, जाडजूड, शेवयांसारख्या.

"बघा, बघा ताई!" बोंगनिम ओरडली. "काय मळ आहे! केव्हापासून न्हायली नाहीस गं, घाणेरडे?"

"मावशी, हळू बोला ना!" सोदाम हसत टेबलात तोंड खुपसत म्हणाली.

संध्याकाळी मी वही उघडली. काय पाहिलं: सोदामची पाठ. काय केलं: बोंगनिमचं सामान बांधायला मदत केली, तिला सुक्या मासळीचं पुडकं दिलं. तिसरी ओळ लिहिताना मी सिस्टर बेनेदिक्ताची मनातल्या मनात क्षमा मागितली, कारण असलं काही तिने आम्हाला लिहायला शिकवलं नव्हतं.

आज पोरीच्या पाठीवर भरपूर मळ निघाला. देवा, तुझे आभार. बोंगनिम, तुझेही.